अंगानं भरलेली, पण रक्तानं कमी

आठवी-नववीतल्या मुलांना कुपोषण म्हणजे काय विचारलं, तर डोळ्यासमोर येतं ते बरगड्या दिसणारं लहान बाळ. मेळघाटच्या बातमीत असतं तसं. आणि लठ्ठपणा? तो खात्यापित्या घरचा. एक गरिबीची गोष्ट, दुसरी बरकतीची. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, आपण मोठी माणसंही घरात असंच बोलतो.

जागतिक आरोग्य संघटना मात्र दोन्हींना कुपोषणच म्हणते. कमी मिळालं तेही, जास्त झालं तेही, आणि पोट भरूनही लोह, जीवनसत्त्वं कमी पडली तेही. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातली 10 ते 19 वयाची 24 टक्के मुलंमुली वयाच्या मानानं बारीक निघाली, 5 टक्के जादा वजनाची. आम्हाला जास्त खटकला तो तिसरा आकडा: या वयाच्या मुलींपैकी 40 टक्के, तर मुलांपैकी 18 टक्के जणांच्या अंगात रक्त कमी. हे आरशात दिसत नाही.

समजा, एक मुलगी सकाळी चहा-खारी खाऊन शाळेत जाते. मधल्या सुट्टीत वडापाव, संध्याकाळी कुरकुरे. वजन वाढतं, कारण मैदा, तेल, साखर भरपूर. लोह जवळपास नाही, त्यात दर महिन्याची पाळी. जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, "मोटी झालीस, रात्रीचं जेवण सोड." आणि डाळ, भाजी, गोश्त तिच्या पोटात जायचं ते नेमकं रात्रीच! वजन उतरो न उतरो, रक्त आणखी खाली जातं. मुलग्यांचं उलट. 'सुकट' म्हणून चिडवलं की गडी जिमची पावडर शोधायला निघतो. घरच्या अंडी-डाळीला कोण विचारतो?

मोबाईलवरचं बीएमआय कॅल्क्युलेटरही या वयात फसवतं. ते बहुधा मोठ्यांचं असतं. वाढत्या वयात वय आणि मुलगा की मुलगी हे धरून तक्त्यात पाहावं लागतं, ते डॉक्टरांकडूनच करून घ्यावं. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. बारा वर्षांवरच्या मुलीचं 12 ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी समजतात, मग ती जाड असो की बारीक.

सरकारी आणि अनुदानित शाळांत, उर्दू माध्यमाच्याही, सहावीपासून आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. मळमळतं म्हणून बऱ्याच मुली ती दप्तरात टाकतात. रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौचाचा रंग काळा होतो, त्यानं घाबरू नये.

स्वयंपाकघरात फार उलथापालथ नको. कलेजी, खिमा, मसूर, बाजरी, खिचडा हे आपल्याकडे आहेच. डाळीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी जास्त लागतं, जेवणासोबतच्या चहानं ते कमी लागतं. म्हणून चहा तासाभरानं. रमजानमध्ये इफ्तारला भजी-सरबतावरच पोट भरलं तर मागचं जेवण राहून जातं, आणि सहरी चुकवणारी पोरं तर घरोघरी. त्यांना एखादं अंडं, वाटीभर डाळ खाल्ल्याशिवाय उठू देऊ नका.