अडखळणारा लेखनिक

समर्थांनी आमच्या शिवथरघळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला, अशी परंपरा आहे. एचआयव्हीवर वाचताना मला लेखनिकच आठवत राहिला. वाचायला लावले ते भावकीतल्या एकाच्या प्रश्नाने. ‘नाना, रिपोर्टात विषाणू दिसत नाही, मग गोळी सोडली की तो येतो कुठून?’

या विषाणूचा मजकूर डीएनएच्या रूपात आपल्याच पेशीच्या डीएनएत शिवला जातो. त्याची आरएनए नक्कल करणारा लेखनिकही पेशीचाच, आरएनए पॉलिमरेज हे विकर. पण साठेक अक्षरे लिहून तो पुढे बहुधा अडखळतो. ती अक्षरे दुमडून केसांच्या आकड्यासारखी घडी होते. तिचे नाव ‘टार’. विषाणूचे ‘टॅट’ हे जेमतेम शंभर अमिनो आम्लांचे प्रथिन पेशीतली सायक्लिन टी१ आणि सीडीके९ ही जोडी घेऊन टारवर बसते. सीडीके९ लेखनिकाला फॉस्फेट चिकटवते, आणि मग तो नऊ हजारांवर अक्षरे सलग लिहितो. त्यातून आणखी टॅट बनते.

टॅट पुरेसे नसले की मजकूर गप्प राहतो. नेहमीच्या गोळ्या विषाणूची विकरे अडवतात. गप्प मजकुराला त्या पुसू शकत नाहीत. त्यात भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात लेखन सुरू करून देणाऱ्या एनएफ-कप्पा-बी प्रथिनासाठी सहसा तीन बैठका असतात, पाश्चात्त्य ‘बी’मध्ये दोन. १९९२ साली पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली, तरी या घडीवर नेमके बसणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही.

त्याला म्हटले, ‘तो बाहेरून येत नाही रे, आतच असतो. गोळी चुकवू नकोस.’