दोन, तीन आणि पंधराचं गुपित

तुळजापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात कोण कुठल्या डॉक्टरकडे गेलं, हे दिवस मावळायच्या आत पारावर पोचतं. ताप-खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. मनाच्या आजाराचं मात्र तसं नाही. एकदा का ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असा बोभाटा झाला, की लेकीची सोयरीकसुद्धा अडते. या धाराशिव जिल्ह्यात मनाचं दुखणं काही नवं नाही. 1993 च्या भूकंपानं उमरगा-लोहाऱ्याकडची घरंच्या घरं गिळली. 2015 साली यवतमाळसोबत इथं शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू झालं आणि प्रेरणा प्रकल्पातून आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन मनावरच्या ताणाची विचारपूस करू लागल्या.

आता रुग्णांच्या नोंदी वहीतून संगणकात चालल्या आहेत. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये माणसाला 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंद मात्र दिल्लीतल्या कुठल्या कोठारात जाऊन पडत नाही, ती जिथं तयार झाली त्या दवाखान्यातच राहते. सोलापूरच्या डॉक्टरला ती हवी असेल तर रुग्णाच्या मोबाइलवर विचारणा येते. कुठल्या दवाखान्याची, कोणत्या काळातली, कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे सगळं त्या संमतीत असतं. मिळालेली माहिती कधी पुसायची, ती तारीखसुद्धा!

खरी नवलाई पुढेच आहे. धाराशिव आणि सोलापूरच्या संगणकांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. मधल्या तारेवर सगळं जग कान लावून बसलं, तरी नोंद कुलूपबंद करायला दोघांकडे एकच गुप्त किल्ली तयार होते. कशी, ते कागद-पेन्सिलीनं करून बघा. 3 आणि 17 हे आकडे सगळ्यांना माहीत. धाराशिव मनात 2 धरतं: 3 चा वर्ग 9, त्याला 17 नं भागून बाकी 9. सोलापूर मनात 3 धरतं: 3 चा घन 27, बाकी 10. हे 9 आणि 10 उघडपणे एकमेकांना पाठवायचे. मग धाराशिव 10 चा वर्ग करतं: 100, बाकी 15. सोलापूर 9 चा घन करतं: 729, बाकी 15. दोघांच्या हाती तोच 15, आणि तो तारेवरून गेलेलाच नाही! डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये ही युक्ती जगापुढे मांडली. प्रत्यक्षात गणित वक्ररेषेवरचं असतं आणि आकडे सुमारे 77 अंकी, त्यामुळे उलटा हिशेब करून मनातला आकडा काढणं आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. संमतीची देवाणघेवाण करणाऱ्या मधल्या यंत्रणेलाही त्या किल्लीनं बंद केलेल्या नोंदीच्या पाकिटात काय आहे ते वाचता येत नाही. माझं मन दर वेळी इथंच थबकतं.

पण पाकीट सोलापुरात उघडल्यावर गणिताचा अंमल संपतो. निदान झाकून नुसती औषधाची चिठ्ठी दिली, तरी तीवरचं ‘लिथियम’ एवढं नाव जाणत्याला आजार सांगून टाकतं. म्हणून कायदा लागतो. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, 2017 च्या कलम 23 नं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल किंवा उच्च न्यायालयाचा आदेश असेल, अशा मोजक्याच प्रसंगी त्याला अपवाद आहे. कलम 24 हा हक्क डिजिटल नोंदींनाही नाव घेऊन लागू करतं, आणि संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना द्यायची नाही असंही सांगतं. कलम 25 प्रमाणे रुग्णाला स्वतःची नोंद मागता येते.

आणि केसपेपरच्या खिडकीचं काय? ‘आभा’चा ओटीपी येतो तो बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर, आणि मागे उभ्या गाववाल्यांच्या कानावर पडेल असा मोठ्यानं सांगावा लागतो. ज्या बाईला आपलं दुखणं घरातही कळू द्यायचं नसेल, तिची संमती त्या फोनवाल्याच्या हातात जाते. तिला खिडकीवरच कुणीतरी सांगायला हवं की ‘आभा’ ऐच्छिक आहे, नको म्हटलं तरी उपचार अडत नाहीत. आणि घरी तो फोन हाती आला की 14416 वर ‘टेलि-मानस’शी मोफत बोलता येतं, तेही मराठीत.