पत्र्याखालचा चंदेरी पडदा

मे महिन्याच्या मध्यास सेलू गावी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच नाहीशी होते. अशा वेळी दर चौरस मीटर छपरावर सुमारे १,००० वॅट एवढी सौर ऊर्जा पडत असते. हवेचे तापमान ४२ ते ४४ अंश सेल्सिअस असते. गंजलेला पत्रा मात्र ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. त्याखाली बसून अभ्यास करणे म्हणजे काय, हे आपल्या भागातील पुष्कळ विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांत असे होत नसे. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. दुपारची उष्णता तो थर ओलांडून आत येईपर्यंत सूर्य मावळलेला असे. पण ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड छपरे कोसळून हजारो माणसे दगावली. तेव्हापासून जड मातीच्या छपराखाली निजण्याची धास्ती अनेकांनी घेतली. पत्रा हलका, स्वस्त आणि लवकर चढणारा. तेव्हा माळवदाकडे परत जा, असे कोणाला सांगण्यात अर्थ नाही. पत्रा राहणारच, हे धरूनच विचार केला पाहिजे.

हल्ली बाजारात पत्र्याखाली लावण्यासाठी चंदेरी गुंडाळी मिळते. दोन बाजूंना ॲल्युमिनियमचा वर्ख आणि मध्ये हवेचे फुगे असलेले प्लॅस्टिक, असे तिचे स्वरूप असते. ती लावावी की नाही? लावल्यास चकचकीत बाजू वर ठेवावी की खाली? दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "वर ठेवा, ऊन परत जाईल." आपण जरा पदार्थविज्ञानाला विचारू या.

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांनी जाते, हे तुम्ही शिकलाच आहात. तापलेल्या पत्र्याखाली यांपैकी कोणता मार्ग मोठा? गरम हवा हलकी असल्यामुळे पत्र्यालगत वरच साचून राहते, खाली उतरत नाही. म्हणजे अभिसरण जवळजवळ थंडावते. हवा उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे वहनही थोडेच. उरले प्रारण. पत्र्यातून निघणारे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते सरळ आपल्या डोक्यावर, खाटेवर, फरशीवर पडतात.

किती पडतात ते पाहू. स्टेफान यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले, की काळ्या पृष्ठभागाचे प्रारण त्याच्या केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. ६५ अंश म्हणजे ३३८ केल्विन. या तापमानाला दर चौरस मीटरमधून सुमारे ७४० वॅट बाहेर पडतात. खोलीतील वस्तू ४० अंशांवर म्हणजे ३१३ केल्विनवर असल्या, तर त्या ५४४ वॅट परत पाठवतात. फरक सुमारे १९५ वॅट. गंजका पत्रा पूर्ण काळा नसतो, म्हणून याचे नऊ दशांश धरा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीचे छप्पर ९.३ चौरस मीटर भरते. गुणाकार केल्यास उत्तर येते सुमारे १,६०० वॅट. म्हणजे डोक्यावर विजेच्या दोन इस्त्र्या उलट्या टांगून चालू ठेवल्यासारखे झाले!

आता ॲल्युमिनियमच्या वर्खाची करामत पाहा. स्वच्छ वर्ख अवरक्त किरणांपैकी सुमारे ९५ टक्के परावर्तित करतो. दुकानदाराने सांगितलेला अर्धा भाग तो हाच. दुसरा अर्धा भाग किरखोफ यांच्या नियमात आहे: जो पृष्ठभाग वाईट शोषक, तोच वाईट उत्सर्जकही असतो. वर्खाची चकचकीत बाजू खाली असली तर तो वरून येणारी उष्णता घेईल, तापेलही, हात लावला तर चटका बसेल. पण ती उष्णता किरणांच्या रूपाने खाली देण्यात तो अत्यंत कंजूष असतो. काळा पृष्ठभाग जितके देईल, त्याच्या विसाव्या भागाएवढेच तो देतो. प्रारणाच्या हिशेबात दोन्ही रचनांचा परिणाम जवळपास सारखाच.

मग एकच बाजू चकचकीत असेल तर ती कोठे ठेवावी? माझे उत्तर: खाली. याचे कारण अगदी घरगुती आहे. वरच्या बाजूवर धूळ बसते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती बसते हे वेगळे सांगायला नको. धूळ ही उत्तम शोषक व उत्तम उत्सर्जक. दोन-तीन उन्हाळ्यांत वर केलेली चकाकी निकामी होते. खालच्या बाजूस धूळ फारशी चिकटत नाही.

हे नुसते ऐकून सोडू नका. १८०४ साली जॉन लेस्ली यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे सोपे रूप शाळेत करता येते. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एक घासून लख्ख करा, दुसऱ्याला बाहेरून दिव्याची काजळी धरा. दोहोंत सारखेच गरम पाणी भरून झाकण लावा, झाकणातून प्रयोगशाळेतील तापमापक आत सोडा आणि दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. लख्ख डब्यातील पाणी जास्त वेळ गरम राहते. येथे बाहेरून परतवण्यासारखे काही आलेलेच नाही. चकाकी उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. थर्मासच्या काचेवर आतून चांदीचा मुलामा असतो तो याचसाठी.

वर्ख पत्र्याला चिकटवून लावला तर? तळहातावर तवा ठेवल्यासारखेच. धातू उत्तम वाहक आहे. स्पर्श झाला की वहनाने उष्णता पुढे सरकते. वर्खाच्या चकचकीत बाजूसमोर निदान चार बोटे मोकळी हवा हवी. ही पोकळी वळचणीशी आणि वरच्या टोकाला उघडी ठेवली तर साचलेली गरम हवा निघूनही जाते. पंखा मात्र वर्खाच्या खाली हवा, नाहीतर तो वरची गरम हवाच खाली ढकलत बसेल.

एक अपवाद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. नव्या जस्ताच्या चकचकीत पत्र्याची खालची बाजू स्वतःच वाईट उत्सर्जक असते. तेथे वर्खावर खर्च करून मिळणारा जादा लाभ कमी. गंजलेला पत्रा, रंगवलेला पत्रा आणि सिमेंटचा पत्रा यांखाली तो खरा कामाचा.

परंतु वर्ख घेण्यापूर्वी छपरावर चढून पाहावे, असे मला वाटते. पत्रा तापूच दिला नाही तर? पांढरा थर ताजा असताना उन्हाचा बराच मोठा भाग परत पाठवतो. त्यामुळे पत्रा ६५ ऐवजी ५० अंशांवर राहिला असे धरा आणि वरचेच गणित पुन्हा करा. १,६०० वॅटचे सुमारे ६०० होतात! कागदावर वर्ख याहूनही सरस ठरतो हे खरे. पण चुन्याची एक गोणी आणि वर्खाची गुंडाळी यांच्या किमतीत फार अंतर आहे. अहमदाबाद शहरात २०१७ पासून गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याची मोहीम झाली, ती याच तत्त्वावर. चुना पत्र्यावर नीट धरत नाही, म्हणून त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळतात. पावसाळ्यात तो धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात हात फिरवावा लागतो. चढणाऱ्याने सकाळी, पत्रा गार असताना, खालच्या आधाराच्या रेषेवरच पाय द्यावा. म्हणून हाती पैसे थोडे असतील तर आधी चुना. छपरावर चढणे शक्य नसेल, किंवा चुना देऊनही दुपार असह्य होत असेल, तर मग वर्ख.

वर्ख लावल्यावर भिंतीवरचा तापमापक पाहून निराश होऊ नका. तो मुख्यतः हवेचे तापमान दाखवतो, आणि बाहेर ४३ अंश असताना आतली हवा गार करणे वर्खाच्या हाती नाही. फरक मोजायचा तर काजळी धरलेल्या बंद डब्यात तापमापक घालून तो खोलीच्या मध्यभागी टांगा. छपराचे किरण तो डबा आपल्या अंगाप्रमाणेच शोषतो. वर्ख लावलेल्या आणि न लावलेल्या खोलीत दुपारी दोन वाजता हे आकडे घ्या.

रात्री गोष्ट उलटते. निरभ्र आकाशाखाली पत्रा झपाट्याने निवतो. तेव्हा खोलीची उष्णता वर जाण्यास वर्खच आडवा येतो, म्हणून संध्याकाळी खिडक्या सताड उघडाव्यात. थंडीत हीच अडचण सोयीची होते. परभणीचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरलेला आहे.

आणखी दोन गोष्टी, विशेषतः जे स्वतः लावणार आहेत त्यांच्यासाठी. ॲल्युमिनियम विजेचाही वाहक आहे. छपरालगतची उघडी किंवा जुनी वायर नळीत घातल्याशिवाय वर्खाला हात घालू नये, आणि काम चालू असताना मुख्य बटण बंद ठेवावे. चुलीच्या वर ही गुंडाळी लावू नये. मधले प्लॅस्टिक पेट घेऊ शकते. आणि पेटले नाही तरी धुराची काजळी चकचकीत बाजूला काळे करते, मग तिच्यात आणि गंजक्या पत्र्यात फारसा फरक उरत नाही.