पडून उठला, तरी लक्ष ठेवा

डोक्याला मार लागलेला रुग्ण किनवटहून शस्त्रक्रियेसाठी नांदेडला न्यायचा तर सव्वाशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. आदिलाबाद जवळ, पण तिथे पोचायलाही वेळ लागतोच. म्हणून हेल्मेटची गरज शहरापेक्षा आपल्याला अधिक. ‘शेतापर्यंतच तर जायचंय’ हे उत्तर मी नेहमी ऐकतो.

हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो, असे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले आहे. मात्र हनुवटीखालचा पट्टा लावलेला हवा, नाहीतर पडताना हेल्मेट आधीच उडून जाते. मागे बसणाऱ्यालाही ते हवेच. जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले, तरी आतला थर्मोकोल दबलेला असतो, ते बदला.

कापसाच्या दिवसांत विनादिव्याच्या बैलगाड्या रस्त्यावर असतात, मध्येच रानडुक्कर आडवे येते. रात्री दिव्याच्या उजेडात जेवढे दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

पडून लगेच उठणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. कवटीच्या आत रक्त साचत असले, तरी काही तास माणूस नीट बोलतो, जेवतो. मग झोपतो आणि उठत नाही. डोकेदुखी वाढली, वारंवार उलटी झाली, तो बरळू लागला किंवा डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन लावा. ‘प्यालेला आहे, झोपू द्या’ म्हणून सोडू नका. दारूच्या वासामागे मेंदूची इजा सहज लपते.