वळूची कांडी बोलते, माणसाची गप्प असते

देहूरोडहून तळवड्यामार्गे इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेलं की कारखान्यांच्या मधल्या गावांत अजून गोठे दिसतात. गाय माजावर आली की फोन जातो आणि मोटारसायकलला ॲल्युमिनियमचं भांडं बांधून डॉक्टर येतात. झाकण उघडताच पांढरी वाफ उसळते. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे 196 अंशांचा. त्यातली बारीकशी कांडी चिमट्यानं उचलायची, कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट धरायची, की आतले गोठलेले शुक्राणू पुन्हा पोहू लागतात. ज्या वळूचे ते असतात, तो कदाचित केव्हाच मेलेला असतो!

पुणे जिल्ह्याला हे तंत्र नवं नाही. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये स्थापन केलेल्या ‘बायफ’ या संस्थेनं उरुळीकांचनहून अशा कांड्या गावोगाव पोचवल्या. मुळात हा शोध लागला तो एका घोटाळ्यातून. लंडनमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांचे सहकारी कोंबड्याचं वीर्य साखरेच्या द्रावणात गोठवून पाहत होते. सारखं अपयश. एके दिवशी मात्र शुक्राणू जिवंत राहिले. बाटलीवरची चिठ्ठी बदलली होती आणि आत होतं ग्लिसरॉल! पाणी गोठताना बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशीची वाट लागते. ग्लिसरॉल ते होऊ देत नाही. हा शोध 1949 मध्ये जाहीर झाला आणि चारच वर्षांत अमेरिकेत गोठवलेल्या मानवी वीर्यापासून गर्भधारणा झाली.

तंत्र तेच, पण कांडीवरचा मजकूर बघा. वळूच्या कांडीवर त्याचा क्रमांक, जात, केंद्र, तारीख सगळं छापलेलं असतं. माणसाच्या कांडीवरून दाता कोण, हे मूल हवं असलेल्या जोडप्याला कळत नाही. त्यांना उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण एवढं सांगतात. नाव आणि आधार क्रमांक वीर्य बँकेच्या दप्तरात राहतो.

मग एखादं जोडपं विचारतं, ‘अनोळखी माणसाचं कशाला? दिराचं किंवा मित्राचं चालणार नाही का?’ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2005 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी याला साफ नकार दिला: नवऱ्याच्या वा बायकोच्या नातलगाचं किंवा ओळखीच्या मित्राचं वीर्य वापरायचं नाही. पुढे 2021 च्या सहायक प्रजनन कायद्यानं दात्याची तपासणी आणि साठवण नोंदणीकृत बँकेकडेच सोपवली. दाता 21 ते 55 वर्षांचा हवा आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला. लंडनमधलं मराठी जोडपं मात्र मित्राला सोबत घेऊन रीतसर क्लिनिकमध्ये जाऊ शकतं. तिथे 1 एप्रिल 2005 नंतर नोंदणी झालेल्या दात्याचं नावही मुलाला अठराव्या वर्षी विचारता येतं.

आपल्याकडची ही भिंत कशासाठी, ते मुंबई उच्च न्यायालयासमोर ऑगस्ट 2024 मध्ये आलेल्या प्रकरणातून कळतं. तिथे वीर्याचा नव्हे, स्त्रीबीजाचा प्रश्न होता. बीज दिलं होतं पत्नीच्या सख्ख्या बहिणीनं. सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे नवरा-बायको वेगळे झाले. मुली वडिलांकडे राहिल्या, त्याच घरात मावशीही, आणि मावशीच खरी आई असा दावा उभा राहिला. बीज दिलं म्हणून पालकत्वाचा हक्क मिळत नाही, असं सांगून न्यायालयानं आईला मुलींना भेटण्याची मुभा दिली. नातं आधीपासून असलं की त्यात नवा हक्क शिरायला वेळ लागत नाही.

बँकेचं दुसरं मोठं काम म्हणजे वाट बघणं. एचआयव्हीसारखा संसर्ग सुरुवातीच्या दिवसांत तपासणीत सापडत नाही. म्हणून नमुना सहा महिने गोठवून ठेवायचा, मग दात्याचं रक्त पुन्हा तपासायचं आणि तेव्हाच कांडी बाहेर काढायची. ताज्या वीर्याला ही सवड कुठली?

ही सवड मरणापलीकडेही पुरते. पुण्याच्या एका तरुणाला जर्मनीत मेंदूचा कर्करोग झाला. उपचारांआधी त्याचं वीर्य तिथे गोठवून ठेवलं गेलं. 2016 मध्ये तो गेला. शिक्षिका असलेल्या आईनं ते पुण्यात आणवलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये, सह्याद्री हॉस्पिटलमधल्या उपचारांनंतर, दात्या स्त्रीचं बीज आणि नात्यातल्या एका स्त्रीची कूस यांच्या आधारानं जुळी नातवंडं जन्मली.

मात्र 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशाच एका आईला धाव घ्यावी लागली. कर्करोगानं गेलेल्या मुलानं संमतीपत्रात ‘मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा’ असं नोंदवलं होतं. निकाल लागेपर्यंत नमुना जपून ठेवा, असा आदेश न्यायालयानं दिला. केमोथेरपीआधी वीर्य गोठवून ठेवणाऱ्या प्रत्येकासमोर हा कागद येतो. गडबडीत सही करण्याआधी तो घरच्यांबरोबर बसून वाचावा.