उघड्या मोटारीचा कणा



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो पिळवणुकीविषयी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आपला अंदाज आज अर्धा खरा आहे. मी पिळवणुकीविषयीच बोलणार आहे. पण ती माणसाची नसून मोटारीची आहे. वेगासाठी बांधलेली मोटार घ्यावयाची, तिचे छप्पर काढून टाकावयाचे, आणि इतके करूनही ती भर वेगात वळणावरून सुखरूप न्यावयाची, हे काम दिसते त्याहून पुष्कळ अवघड आहे. ते अवघड का, आणि त्यातून वाट कशी काढली गेली, एवढेच मला सांगावयाचे आहे. अशी मोटार आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी येईल. पण तिच्यापासून जे शिकता येते ते साध्या गाडीतून जाणाऱ्यालाही उपयोगाचे आहे.

प्रथम चासी म्हणजे काय ते पाहू. पुणे-मुंबई रस्त्याने ज्यांनी वर्षानुवर्षे प्रवास केला आहे, त्यांनी कारखान्यातून निघालेला ट्रकचा नुसता सांगाडा धावताना पाहिला असेल. बॉडी नाही, केबिन नाही. पोलादाच्या दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, खाली चाके, पुढे इंजिन, आणि डोक्याला फडके गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून फळीवर बसलेला ड्रायव्हर. ती चासी. तिच्यावर मग कोणी मालाचा हौदा चढवितो, कोणी बसची बॉडी. उमेदीच्या काळात अशा बॉड्या बांधण्याच्या कारखान्यात मी काही वर्षे वेल्डिंग केले आहे. शिडीसारख्या या चासीत मुख्य भार त्या दोन तुळयांवर असतो. वरची बॉडी ही बहुतांशी पाहुणी असते.

आजच्या बहुतेक मोटारींना अशी वेगळी चासी नसते. तळ, बाजू, खांब आणि छप्पर यांचे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एक बंद पेटी केलेली असते, आणि ती पेटी हीच चासी. अशा गाडीत छप्पर हे नुसते ऊनपावसाचे झाकण राहत नाही. सांगाड्यातले ते एक हाड होते. घरी गेल्यावर बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या. झाकण घट्ट लावून दोन्ही हातांनी तो पिळून पाहा; तो दाद देत नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. डबा लगेच वेडावाकडा होतो. पत्रा तोच, हात तेच. गेले ते केवळ झाकण. छप्पर काढलेल्या मोटारीची हीच गत होते.

पण मोटारीला पिळतो कोण? रस्ता पिळतो. उंचसखल अंगणात बाज टाकली तर तिचा एक पाय अधांतरी राहतो. आपण बसलो की बाज थोडी पिळते आणि तो पाय टेकतो. मोटारीचे एक चाक खड्ड्यात गेले, किंवा वळणावर गाडीचे ओझे बाहेरच्या चाकांवर आले, की चार कोपऱ्यांवर चार निरनिराळे जोर येतात आणि गाडीला पीळ बसतो.

बाज पिळली तर बिघडत नाही. मोटार पिळली तर बिघडते. गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांच्या चार ठिपक्यांनी, आणि एकेक ठिपका साधारण तळहाताएवढा असतो. चाक खालीवर होताना तो ठिपका रस्त्यावर सपाट टेकलेला राहावा, यासाठी स्प्रिंगा, शॉक-ॲब्सॉर्बर आणि चाक धरणारे दांडे यांची योजना असते. स्प्रिंग धक्का पोटात घेते, आणि ती डुलत राहू नये म्हणून शॉक-ॲब्सॉर्बर तिला आवरतो. हे सर्व हिशेब एक गोष्ट गृहीत धरून केलेले असतात: ज्या सांगाड्याला हे दांडे बोल्टांनी जखडले आहेत, तो हलणार नाही. सांगाडाच पिळू लागला की तोच एक मोठी स्प्रिंग होतो, आणि तिला आवरणारा शॉक-ॲब्सॉर्बर कोणीही बसविलेला नसतो. मग पुढची काच थरथरते, आरसा नाचतो, दारे करकरतात. हे तर कानाडोळ्यांना कळणारे झाले. न कळणारे असे, की चाकांचे कोन बदलतात आणि पुढच्या व मागच्या चाकांनी ओझे कसे वाटून घ्यावयाचे हा ठरविलेला हिशेब चुकतो. गाडी वळणावर नेमके काय करील याची खात्री ड्रायव्हरला राहत नाही. वेग जितका अधिक, तितकी ही अनिश्चितता जिवावरची.

आता एक खरे उदाहरण घेऊ. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्याने १९५२ साली ३०० एस. एल. नावाची शर्यतीची गाडी काढली. तिचे इंजिन एका थोराड घरगुती मोटारीतून घेतलेले, प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने फारसे जोरदार नव्हते. तेव्हा रुडोल्फ उलेनहाउट या इंजिनियराने वजन कमी करण्याचा मार्ग धरला. त्याने जड तुळया टाकून दिल्या आणि पोलादाच्या बारीक नळ्या जोडून त्रिकोणांची जाळी उभी केली. कौलारू घराच्या छपराची कैची ज्याने पाहिली आहे त्याला यातले मर्म लगेच कळेल. चार काठ्यांचा चौकोन बाजूने ढकलला की कलंडतो. तीन काठ्यांचा त्रिकोण कलंडत नाही. त्रिकोणातली काठी एकतर ताणली जाते, नाहीतर दाबली जाते; ती वाकविली जात नाही, म्हणून बारीक असूनही टिकते. या गाडीने त्याच वर्षी ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. १९५४ साली ती विक्रीसाठी तयार झाली तेव्हा तिचा सांगाडा अवघा ८२ किलोचा होता, आणि सर्व सामानासह तयार गाडी १,२९५ किलोची.

मात्र या जाळीला ताकद यावी म्हणून ती गाडीच्या दोन्ही कुशींना बरीच उंच घ्यावी लागली. नेहमीचे दार लावावयास जागाच उरली नाही. म्हणून दारांच्या बिजागऱ्या छपरात बसविल्या आणि दारे पाखराच्या पंखांसारखी वर उघडू लागली. लोकांना ती मोठी हौसेची कल्पना वाटली. वास्तविक ती सांगाड्याने घातलेली अट होती.

पुढे याच गाडीचा उघडा अवतार काढावयाचे ठरले. तो १९५७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आला. येथे अडचण कशी साखळीने आली ते पाहण्यासारखे आहे. छप्पर गेले म्हणून बिजागऱ्या गेल्या. बिजागऱ्या गेल्या म्हणून साधी दारे आली. साधी दारे आली म्हणून कुशीची जाळी खाली उतरवावी लागली. आणि जाळी उतरली म्हणून ज्या ठिकाणी ताकद होती नेमकी तेथेच गाडी कमजोर झाली. तेव्हा कारागिरांनी उतरलेल्या कुशीपासून मागच्या नळीपर्यंत तिरके टेकू दिले आणि सांगाडा पुन्हा बळकट केला. गाडीचे वजन अर्थातच वाढले. मोकळ्या हवेची किंमत पोलादाच्या रूपाने मोजावी लागली.

त्याच वेळी आणखी एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. या गाडीचा मागचा ॲक्सल दोन भागांत होता, आणि दोन्ही भाग मध्ये बिजागरीसारखे हलत. खांद्यापासून हलणारे दोन हात आणि टोकाला चाके, असे समजा. हात खालीवर झाला की चाकही तिरपे होते. वळणावर ड्रायव्हरने घाबरून एकदम पाय उचलला की गाडीचा मागचा भाग वर उठतो, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडू लागते, टायरची पकड सुटते आणि गाडीची शेपटी फिरते. १९५७ च्या गाडीत दोन्ही अर्ध्या ॲक्सलांना मिळून एकच सांधा दिला आणि तो खाली आणला. हात लांब झाले, म्हणून चाकाचा तिरपेपणा कमी झाला. सांधा खाली गेला, म्हणून मागचा भाग उठण्याची खोड कमी झाली. शिवाय वर एक आडवी स्प्रिंग बसविली. ती दोन्ही चाकांवर ओझे सारखे टाकते, पण गाडी एका कुशीवर कलू लागली तर तिला अडवीत नाही. त्यामुळे वळणावर मागच्या एकाच टायरवर सगळा बोजा पडत नाही. १९६१ साली चारही चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आले. १९६३ पर्यंत अशा १,८५८ उघड्या गाड्या बांधल्या गेल्या.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती श्रीमंतांच्या खेळण्याची गोष्ट ठरली असती. पण अशाच दुभागलेल्या ॲक्सलाची, सामान्य माणसासाठी काढलेली कॉर्व्हेअर ही मोटार १९६० च्या मॉडेल म्हणून अमेरिकेत विकावयास आली. तशाच कामाची आडवी स्प्रिंग तिला १९६४ च्या मॉडेलमध्ये मिळाली. राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ साली मोटारींच्या सुरक्षिततेवर जे पुस्तक लिहिले, त्याचे पहिले प्रकरण याच गाडीवर होते, आणि पुढच्याच वर्षी तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९७२ च्या सरकारी अहवालाने ही गाडी त्या काळच्या तशाच इतर गाड्यांहून वाईट नव्हती असा निष्कर्ष काढला. तरीपण उपाय ठाऊक असणे आणि तो गिऱ्हाइकाच्या गाडीत बसणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे या इतिहासावरून दिसतेच.

उघड्या गाडीपुढे आणखी एक प्रश्न असतो. ती उलटली तर? १९६५ साली पोर्शे कारखान्याने टार्गा नावाच्या गाडीत बसणाऱ्यांच्या मागे एक भक्कम कमान कायमची ठेवली. १९८९ च्या मर्सिडीज एस. एल. मध्ये ही कमान लपवून ठेवली होती. गाडी कलंडत आहे असे यंत्राला कळले की सेकंदाच्या तीन दशांशात ती आपोआप उभी राही. पुढच्या काचेच्या खांबांत बळकट नळ्या घालणे, दाराखालचे उंबरे जाड करणे, तळाशी तिरक्या पट्ट्या मारणे, हे उपायही होत गेले. २०१२ साली इंग्लंडच्या मॅक्लारेन कारखान्याने उघडी गाडी काढली तेव्हा तिला जादा टेकू द्यावेच लागले नाहीत. तिच्या माणसे बसण्याच्या भागाची ७५ किलोची हौदी कार्बनच्या धाग्यांची होती आणि तिने ताकदीसाठी छपराचा आधार मुळातच घेतला नव्हता. उघड्या गाडीचे वजन वाढले ते सुमारे ४० किलोंनी, आणि तेही मुख्यतः छप्पर उघडमीट करणाऱ्या यंत्रणेचे. पहिल्या दिवसापासून कणा तळात बांधला, तर नंतर ठिगळे लावावी लागत नाहीत.

ब्रेकची कथाही अशीच आहे. जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस योजना १९७८ साली मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत आली. गाडी घसरू लागली तर नेमक्या एका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी योजना १९९५ साली आली. युरोपात ही दुसरी योजना सर्व नव्या मोटारींना २०१४ साली सक्तीची झाली. भारतात एबीएस सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून. १९७८ ते २०१९. मोजून ४१ वर्षे. या ४१ वर्षांत रस्ता श्रीमंतांना निराळा आणि गरिबांना निराळा नव्हता. खड्डे तेच, पाऊस तोच, घाट तेच.

म्हणून कोणी वेगवान मोटारीचे कौतुक सांगू लागला, तर आपण इंजिनाची ताकद विचारून थांबू नये. सांगाडा कसा बांधला आहे, चाक कशाने धरले आहे, ब्रेक कोणते, हे विचारावे. आणि हेच प्रश्न आपल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या गाडीबद्दल अधिक जोराने विचारावेत. जाहिरातीत दिसतो तो रंग आणि वाऱ्यावर उडणारे केस. जीव तोलला जातो तो सतरंजीखालच्या सांध्यावर, जो एका वेल्डरने खाली वाकून, कोणी पाहत नसताना, मन लावून घातलेला असतो. फळीवर बसून उघडी चासी हाकणारा तो ड्रायव्हरही छप्पर नसलेल्याच गाडीत बसलेला असतो. त्याच्यामागे मात्र कमान नसते.