सीबीसीच्या कागदावरच्या खालच्या ओळी

पोर किरकिर करतं, माती नाहीतर पाटीवरची पेन्सिल खातं, म्हणून सांगली-साताऱ्याकडचे आईबाप त्याला डॉक्टरकडे नेतात आणि सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद घेऊन घरी येतात. कागदावर वीसेक आकडे असतात. नजर हिमोग्लोबिनवर जाते आणि तिथंच थांबते. मला वेड आहे ते त्याखालच्या ओळींचं.

लोहाची पार्श्वभूमी आधी उरकून घेतो. दिवस भरून जन्मलेलं बाळ आईकडून चार-सहा महिने पुरेल एवढं लोह घेऊन येतं. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, तेव्हा पुढचं सगळं वरच्या खाण्यावर. आणि नेमकं त्याच वयात आपल्या घरांतून बशीतला चहा पुढं येतो, जो लोहाचं शोषण अडवतो.

शरीर आधी साठा संपवतं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, ही कणगी आणि हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी. कणगीचा तळ दिसू लागला तरी काही दिवस ताटात भाकरी येतच राहते. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असलेल्या मुलातही लोह कमी असू शकतं.

आता त्या ओळी. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, आरडीडब्ल्यू म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत. लोह कमी पडलं की पहिला घसरतो, दुसरा वाढतो. पण थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक मुलातही पेशी लहानच असतात, आणि त्याला लोहाच्या बाटल्यांचा उपयोग नाही. इथं १९७३ साली विल्यम मेंट्झर यांनी सुचवलेला भागाकार कामी येतो: एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येनं भागायचं. एमसीव्ही ६४ आणि पेशी ३.९, तर उत्तर साधारण १६. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.६, तर ११. तेराच्या वर लोहाची कमतरता संभवते, खाली थॅलेसेमियाची शंका घ्यावी. कारण सुंदर आहे: लोहाविना अस्थिमज्जेला पेशी पुरेशा घडवताच येत नाहीत, वाहक मात्र लहान पेशी भरपूर घडवतो. हा शेवटचा निवाडा नव्हे, पण त्याला जादा रक्त लागत नाही. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्रयोगशाळेनं लहान मुलांच्या रिपोर्टवर तो छापावा, असं माझं ठाम मत आहे.

कराडला एका प्रयोगशाळेत मी लोह कमी असलेल्या रक्ताची स्लाइड बघितली. निरोगी लाल पेशीचा मधला फिका भाग एक-तृतीयांश असतो. इथं तो इतका पसरला होता की कडेला नुसती लाल रेघ उरली होती. मध्येच लांबट, पेन्सिलीसारख्या पेशी. मी पुन्हा पुन्हा डोळा लावत राहिलो.

रक्त कुठून घेतलं, यानंही आकडा हलतो. बोट दाबून दाबून थेंब काढला की पेशींबाहेरचं पाणी त्यात मिसळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं ॲनिमियाग्रस्त निघाली, ती अशा थेंबावर. शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांतलं देशातलं प्रमाण ४१ टक्के होतं, आणि लोहाची कमतरता ३२ टक्के. वर्षं, प्रदेश, वयोगट वेगळे, तरी शिरेच्या रक्तावर माझा भरवसा जास्त. त्यात २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ॲनिमिया ठरवणारी हिमोग्लोबिनची सीमा ११ ग्रॅमवरून १०.५ वर आणली.

शंका उरलीच, तर फेरिटिन. पाच वर्षांखाली १२ मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या आत म्हणजे साठा संपला. मात्र तापात, जंतुसंसर्गात फेरिटिन फुगतं. म्हणून सोबत सीआरपी हा दाह दाखवणारा घटकही मोजतात, आणि तो वाढलेला असेल तर सीमा ३० धरतात. माण-खटावपासून विजापूरपर्यंतची माणसं १८९४ साली वॉन्लेस डॉक्टरांनी उभारलेल्या इस्पितळामुळं नावारूपाला आलेल्या मिरजेत तपासणीला येतात. एवढा प्रवास करणाऱ्यांनी ताप उतरेपर्यंत थांबावं आणि मगच फेरिटिन करावं.

महिनाभर लोहाचं औषध देऊन हिमोग्लोबिन एका ग्रॅमनं वाढलं, तर निदान पक्कं. नाही वाढलं, तर औषध रोज पोटात जातं का हे आधी विचारावं, मग थॅलेसेमियाचे वाहक ओळखणाऱ्या एचबी ए-टू तपासणीकडे वळावं. ती तपासणीही लोह भरून आल्यावर केलेली बरी. लोह कमी असताना ए-टूचा आकडा खाली येतो आणि थॅलेसेमियाचा वाहक निसटू शकतो.